शेवटच्या शॉकनंतरचे सहा महिने

रुग्ण पुरुष, वय ४७. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. घर अशोक चौकाच्या मागे, दोन खोल्यांचं. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. बायको विड्या वळते, मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला, मुलगी भिवंडीत दिलेली. तीन डिस्चार्ज कार्डांवर निदान एकच, 'तीव्र नैराश्य'. आमच्याकडे आला ती चौथी भरती होती आणि पहिल्या भरतीला जेमतेम अकरा महिने झाले होते.

हे कुणा एकाचं चरित्र नाही. सोलापुरात मानसोपचाराच्या वॉर्डात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या रुग्णांवरून ते एकत्र बांधलं आहे. कुणाला ओळखीचं वाटलं तर तो आजाराचा सारखेपणा समजावा. वैद्यकीय बाबी मात्र जशा घडतात तशाच ठेवल्या आहेत.

तीन कार्डं

पहिली भरती श्रावणातली. झोप गेली, जेवण सुटलं, आणि धागा तुटून माग थांबला की हा नुसता बघत उभा राहायचा. जॉबरने हाक मारली तरी हलायचा नाही. एका खासगी दवाखान्यात अडीचेक आठवडे राहून एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी आणि झोपेची गोळी घेऊन घरी गेला. कार्डावर 'पंधरा दिवसांनी दाखवणे' असं होतं. दाखवायला कुणी गेलं नाही. जितका माल काढला तितकी मजुरी, खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे बुडाले, आणि माणूस तर चालता-बोलता झालेला. गोळ्या संपल्या तशा संपू दिल्या.

दुसरी भरती त्यानंतर पाच आठवड्यांनी. तिसरी संक्रांतीनंतर, गड्ड्याची जत्रा उठता उठता. तिसऱ्या वेळी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. शेजाऱ्यांच्या वेळेवर लक्षात आलं. आधी मेडिसिनचा वॉर्ड, मग मानसोपचार, असं दुसऱ्याच एका रुग्णालयात झालं. तिथे व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं दुसरं औषध सुरू झालं, रात्री थोडं ओलान्झापिन, मन शांत करणारं. या वेळी फरक असा पडला की घरचे हरखून गेले. तिसऱ्या आठवड्यात हा पहाटे तीनला उठून अंघोळ करून बसायला लागला. दोन जुने माग घ्यायचे म्हणून इसार देऊन आला. भिवंडीच्या जावयाला फोन करून सांगितलं, नोकरी सोडून ये, आपण कारखाना काढू. त्या भेटीची कार्डावरची नोंद: 'रुग्ण उत्साही, सुधारणा चांगली.'

महिन्याभरात उत्साह ओसरला. मागावर झोप येते म्हणून ओलान्झापिन त्याने स्वतःच बंद केलं होतं, व्हेन्लाफॅक्सिन तेवढं चालू होतं. ज्येष्ठात तो खाटेवर पडून राहू लागला, आषाढात बोलणंही बंद झालं.

अक्काने सांगितलेलं

आमच्याकडे आणलं तेव्हा चार दिवस पोटात अन्न नव्हतं. डोळे उघडे, नजर एकाच ठिकाणी. हात उचलून सोडला तर तो तसाच वर राहायचा. भरवायला गेलं की ओठ आवळून घ्यायचा. बोलणं बंद होण्याआधी आईला म्हणाला होता, माझी आतडी सडलीत, अन्न जायला जागा नाही. घर शेठच्या नावावर झालंय, तुम्ही सगळे बाहेर निघा. भ्रमासह तीव्र नैराश्य आणि वर कॅटॅटोनिया, म्हणजे बोलणं-हालचाल गोठून जाणं. त्यावर लोराझेपाम या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन देऊन पाहिलं. थोड्या वेळाने पाणी प्यायला, नाव सांगितलं. संध्याकाळी पुन्हा गप्प. पुढचे दोन दिवस लोराझेपामची मात्रा वाढवत नेली. घोट-दोन घोट पाणी जायचं, त्यापुढे गाडी सरकेना.

आजाराची हकीकत विचारली की घरातले सगळे मागच्या श्रावणापासून सुरुवात करायचे. मोठी बहीण अक्कलकोटहून आली तेव्हा तिनं वेगळंच टोक धरलं. "हे पहिल्यांदा नाही मॅडम. लग्नाआधी याच्या अंगात आलं होतं." विचारत गेल्यावर निघालं ते असं. वय २४ असताना दीड महिना झोप नाही, अखंड बडबड, कारखान्याच्या दारात उभं राहून भाषणं, उधारीवर घेतलेले कपडे गल्लीत वाटलेले, दोन मारामाऱ्या. देवीचं आहे म्हणून आधी रूपाभवानीला नेलं, मग तुळजापूरला. दोनेक महिन्यांनी आपोआप शांत झाला. ती गोष्ट घरात देवाच्या खात्यावर जमा झाली होती, त्यामुळे ती डॉक्टरला सांगायची असते हे कुणाच्या मनातही आलं नाही. आणि खरं तर कुणी विचारलंही नव्हतं. नैराश्याच्या रुग्णाला 'याआधी कधी गरजेपेक्षा जास्त बरं वाटलं होतं का, झोप न घेताही ताजंतवानं वाटायचं का' हा प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि तो रुग्णापेक्षा बहिणीला विचारलेला बरा.

आता तिसऱ्या कार्डावरच्या 'उत्साही'चा अर्थ लागला. हा आजार द्विध्रुवी, म्हणजे बायपोलर. अशा माणसाला मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आधाराशिवाय नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं तर काही जणांत ते उन्मादाकडे ढकलतं. पहाटेची अंघोळ आणि इसार हा त्या उन्मादाचाच पहिला टप्पा होता. घरच्यांना तो बरा झालेला दिसला यात त्यांचा काय दोष? महिनोन्महिने आजारी असलेला माणूस कारखाना काढायचं म्हणतो, तेव्हा बायको आनंदाने रडणारच.

नकार आणि होकार

ईसीटीचा, म्हणजे विजेच्या शॉकच्या उपचाराचा, विषय काढला तसा मेहुणा, बायकोचा भाऊ, उठून उभा राहिला. "करंट दिला की माणूस कामातून जातो. सिनेमात बघतो की आम्ही." बायको काहीच बोलली नाही. आईचा प्रश्न सगळ्यात नेमका होता: याला कळेल का, दुखेल का?

या भीतीला इतिहास आहे आणि तो खोटा म्हणून उडवून लावता येत नाही. १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी हा उपचार पहिल्यांदा केला तेव्हा भूल नव्हती. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडेही तो बिनभुलीचा दिला जात होता. शरीर पूर्ण झटक्यात जायचं, मणक्याची हाडंसुद्धा मोडायची. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ते बंद केलं. कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांच्याशिवाय ईसीटी देता येत नाही. अल्पवयीन मुलांना ती देण्यावर बंदी आहे. अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. कलम ९४ खाली 'आणीबाणीचा उपचार' म्हणूनही ईसीटी देता येत नाही. म्हणजे हा माणूस अन्नपाण्यावाचून खंगत असला तरी रीतसर भरती, रीतसर संमती आणि मगच उपचार.

आमच्या रुग्णाकडे त्या वेळी निर्णय घेण्याची क्षमता नव्हती. कलम ८९ खाली, दोन स्वतंत्र तपासण्या होऊन, आधाराने भरती झाली. बायको नामनिर्देशित प्रतिनिधी. त्याची क्षमता दर सात दिवसांनी पुन्हा तपासायची आणि मंडळाला सात दिवसांत कळवायचं. हे कागद भरताना डॉक्टर मंडळी कुरकुरतात, मीही कुरकुरते. पण याच कागदांमुळे मेहुणा शांत झाला, हे खरं. संमतीपत्र त्याने मोठ्याने वाचून बहिणीला तेलुगूत समजावलं, आणि समजावता समजावता त्याच्या स्वतःच्या अर्ध्या शंका मिटल्या.

आईला सांगितलं ते असं. शिरेतून झोपेचं औषध देतो, तो गाढ झोपतो. मग स्नायू सैल करणारं औषध, सक्सिनिलकोलिन. त्याआधी एका पायावर बीपीचा पट्टा आवळून ठेवतो, म्हणजे ते औषध त्या पावलात पोचत नाही आणि मेंदूत आकडी आली की तेवढं पाऊल हलताना आम्हाला दिसतं. विजेचा प्रवाह काही सेकंदांचा. आकडी साधारण अर्धा ते एक मिनिट. दहा-पंधरा मिनिटांत तो डोळे उघडतो. डोकं दुखेल, थोडा वेळ गोंधळलेला असेल, कदाचित 'मी इथे कसा' असं विचारेल. जिवाला धोका किती? अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून काढलेला आकडा आहे, दर लाख सत्रांमागे सुमारे दोन मृत्यू.

स्मरणशक्तीबद्दल गुळमुळीत बोलणं मला पटत नाही. नवं लक्षात ठेवण्याची क्षमता उपचाराच्या दिवसांत मंदावते आणि बहुतेकांची काही दिवसांत-आठवड्यांत परत येते. पण उपचाराच्या आसपासच्या काळातल्या आठवणी काहींच्या कायमच्या पुसट होतात. आमच्या रुग्णाला आषाढातली आपली अवस्था आजही आठवत नाही. त्याची त्याला खंत नाही. भाचीच्या साखरपुड्याला आपण गेलो होतो हे आठवत नाही, याची मात्र आहे.

आठ सत्रं

भूलतज्ज्ञांनी छातीचा एक्स-रे आवर्जून मागितला. पंचवीस वर्षं सुताच्या धुळीत काम केलेला माणूस, सकाळचा खोकला जुना. ईसीजी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), क्षार सगळं ठीक निघालं. माव्याने पोखरलेला खालचा एक दात हलत होता, तो आधी काढून घेतला; आकडीत दात तुटून घशात जाण्यापेक्षा ते बरं. आदल्या रात्रीचं लोराझेपाम वगळलं, कारण त्याने आकडी येणं अवघड होतं. व्हेन्लाफॅक्सिन थांबवलं, ओलान्झापिन सुरू केलं.

दोन्ही कानशिलांवर इलेक्ट्रोड ठेवायचे ठरवलं. एका बाजूचा, उजवीकडचा, मार्ग स्मरणशक्तीला सौम्य असतो, पण जो माणूस पाणी गिळत नाही त्याच्यासाठी आम्हाला वेग हवा होता. आठवड्यातून तीन सत्रं. तिसऱ्यानंतर त्याने स्वतःहून भाकरी मागितली. चौथं सत्र एक दिवस पुढे ढकलावं लागलं, कारण पोराला भूक लागली म्हणून आईने पहाटे कपभर चहा पाजला होता. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, हे तिला सांगितलेलं होतं. पण चार दिवस तोंड न उघडणारा मुलगा चहा मागतोय, तिथे कुठल्या आईला नियम आठवणार. त्या दिवसापासून त्याच्या खाटेला पाटी लागली, तेलुगूत आणि मराठीत.

पाचव्यानंतर आतड्यांबद्दलचा भ्रम ढिला पडला, सहाव्याच्या सुमारास निर्णयक्षमता परत आल्याची नोंद झाली आणि पुढच्या सत्रांची संमती त्याने स्वतः, सही करून दिली. आठव्यानंतर थांबलो.

सहा टक्के, बारा टक्के

इथे एक अभ्यास मध्ये आणते, कारण मेहुण्याचा पुढचा प्रश्न तोच होता: "आता परत नाही ना आणावं लागणार?"

एरिक स्लेड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली 'जामा सायकियाट्री'त अमेरिकेतल्या नऊ राज्यांतल्या ४९० रुग्णालयांचा हिशोब मांडला. तीव्र नैराश्य, बायपोलर आणि स्किझोअफेक्टिव्ह (मूडचा आजार आणि भ्रम-भास एकत्र) विकाराचे १,६२,६९१ रुग्ण. त्यातल्या केवळ १.५ टक्क्यांना ईसीटी मिळाली होती. घरी गेल्यापासून ३० दिवसांत पुन्हा भरती होण्याची शक्यता ईसीटी मिळालेल्यांत ६.६ टक्के, न मिळालेल्यांत १२.३ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी. पुरुषांत आणि बायपोलर, स्किझोअफेक्टिव्ह रुग्णांत हा फरक जास्त दिसला.

असले आकडे काढणं सोपं नसतं. ईसीटी मिळते ती सगळ्यात जास्त आजारी माणसांना, आणि तीच माणसं पुन्हा भरतीही जास्त होतात. सरळ तुलना केली तर ईसीटीच बदनाम होणार. म्हणून त्यांनी आडवाट धरली. काही रुग्णालयं ईसीटी सढळ हाताने देतात, काही जवळजवळ देतच नाहीत. रुग्ण कोणत्या रुग्णालयात पोचला यावर त्याला ती मिळण्याची शक्यता ठरते, आणि त्याचा आजाराच्या तीव्रतेशी फारसा संबंध नसतो. त्या फरकाच्या आधारे हिशोब केला. तरीही हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला नाही. मला तो पटतो, पण तो ३० दिवसांपुरताच बोलतो. आमच्या रुग्णाची दुसरी भरती पाच आठवड्यांनी झाली होती. त्या मोजपट्टीवर ती 'पुन्हा भरती' म्हणून धरलीच गेली नसती!

एकतिसाव्या दिवसापासून पुढचं चित्र बरंच करडं आहे. हॅरॉल्ड सॅकीम यांच्या गटाचा २००१ चा प्रयोग या विषयात सगळ्यांना पाठ असतो. ईसीटीने बरे झालेले रुग्ण, नंतरचे २४ आठवडे. नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांपैकी ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. नॉरट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध मिळालेल्यांत ६० टक्के, ते आणि मूड स्थिर ठेवणारं लिथियम दोन्ही मिळालेल्यांत ३९ टक्के. ते रुग्ण बायपोलर नव्हते, त्यामुळे औषधं तशीच्या तशी उचलून चालत नाही. पण ईसीटीचा असर आपला आपण टिकत नाही, एवढं त्या ८४ वरून लख्ख दिसतं. पुढे २०१३ मध्ये जुन्या-नव्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं, त्यात तर नंतर औषधं घेणाऱ्यांतही पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ३८ टक्के आणि वर्षभरात सुमारे ५१ टक्के पुन्हा आजारी पडलेले दिसतात. म्हणजे वर्षभरातल्या पडझडीतला मोठा हिस्सा पहिल्या सहा महिन्यांतला. मेहुण्याला मी टक्केवारी सांगितली नाही. सांगितलं ते एवढंच की शॉकने तो घरी जातोय, आता दिवाळी आणि संक्रांत काढायची जबाबदारी आपली.

कार्डावर काय लिहिलं

चौथं कार्ड लिहायला आदल्या तीन कार्डांच्या मानाने बराच वेळ लागला. निदान बदललं. नैराश्यावरचं औषध काढलं. ओलान्झापिन रात्री, आणि शेवटच्या सत्रानंतर लिथियम. ईसीटीची सत्रं लागोपाठ चालू असताना लिथियम सोबत असलं तर गोंधळ वाढण्याचा धोका असतो, म्हणून ते मागे ठेवलं होतं. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन आणि थायरॉइड. पातळी पहिल्यांदा आठवड्याने, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढलेल्या रक्तात.

आणि टिकाऊ ईसीटी. म्हणजे एकदम न थांबता आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. चार्ल्स केल्नर यांच्या २००६ च्या प्रयोगात नुसती टिकाऊ ईसीटी आणि नुसती दोन औषधं यांत फारसा फरक पडला नव्हता. दोन्ही गटांत सहा महिने ठीक राहिलेले ४६ टक्केच. पण दोन्ही एकत्र केलं तर? स्वीडनमध्ये २०१३ साली ५६ रुग्णांवर तो प्रयोग झाला. वर्षभरात औषधं अधिक ईसीटी या गटात ३२ टक्के पुन्हा आजारी पडले, नुसत्या औषधांच्या गटात ६१ टक्के. रुग्ण थोडे आहेत, पण दिशा स्पष्ट आहे.

कागदावर हे सोपं वाटतं. घरी हिशोब असा होता. दर सत्राला याचा एक खाडा आणि सोबत येणाऱ्या मुलाचा एक. बायको आली तर त्या दिवशी पान-तंबाखू आणून वळून माल द्यायचा राहतो. रात्रीपासून उपाशी राहायचं, रिक्षाने यायचं, भूलतज्ज्ञ दुसऱ्या ऑपरेशनमधून येईपर्यंत बसायचं. त्या दिवशी यंत्राजवळ जायचं नाही. माग चालवणाऱ्याला हे सांगायला सोपं, पाळायला महाग. ना ईएसआय, ना विमा. कायद्याचं कलम २१ म्हणतं की विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, पण ज्याच्याकडे विमाच नाही त्याला त्या कलमाचा काय उपयोग? बायकोने भिशी आधी उचलून दोन महिन्यांची सोय केली.

म्हणून घासाघीस झाली, आणि मी ती मुद्दाम होऊ दिली. पहिली चार सत्रं आठवड्याची, यात सूट नाही. मग पंधरवड्याची दोन, मग संक्रांतीपर्यंत महिन्याला एक. सत्राच्या आदल्या रात्री लिथियम नाही. तारखा भिशीच्या आणि शेठच्या पगाराच्या वारांना टाळून. दर शुक्रवारी आमच्या सिस्टरचा मुलाला फोन: झोप किती, जेवण किती, आणि उत्साह किती. तिसरा प्रश्न अक्काच्या आग्रहाने आला. कार्डाच्या मागच्या बाजूला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिला, रात्री दोनला आम्ही फोन उचलू याची खात्री देता येत नाही म्हणून.

त्याने एक सत्र चुकवलं, दिवाळीचं. शेठकडे टॉवेलची मोठी ऑर्डर होती, तो गेलाच नाही कामावरून. घरच्यांना वाटलं आम्ही ओरडणार. पुढच्या सोमवारी बोलावून घेतलं, एवढंच.

चैत्र-वैशाख

संक्रांतीला ईसीटी थांबली. लिथियमची पातळी ०.७ च्या आसपास. माग सुरू, झोप नीट.

सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ अंशांवर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. कारखान्याच्या आत काय असतं, ते आत गेल्याशिवाय कळत नाही. वर पत्रा, सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, खिडक्या बंद. बारा तासांच्या पाळीत अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. शरीर मीठ राखायला बघतं तेव्हा मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही परत ओढून घेतं, आणि रक्तातली पातळी चढते. त्यात याची कंबर धरली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणल्या आणि आठवडाभर खाल्ल्या. असली वेदनाशामकं लिथियम बाहेर टाकण्याचं मूत्रपिंडाचं काम आणखी मंदावतात. पॅरासिटामॉलने तसं होत नाही. फरक एवढाच, आणि तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये कुणी सांगत नाही.

एका सकाळी त्याचे हात जोरात थरथरू लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं. घरात दोन तट पडले. आईच्या मते आजार परत आला, मेहुण्याच्या मते शॉकचा उशिरा निघालेला परिणाम. मुलाने दोन्ही बाजूला ठेवून सिस्टरला फोन केला. लिथियमची पातळी निघाली १.६, आधीच्या दुपटीहून जास्त. लिथियम थांबवलं, मेडिसिनच्या वॉर्डात सलाइन, क्षारांवर आणि लघवीवर नजर. तिसऱ्या दिवशी तोल सावरला. आठवड्याने कमी मात्रेत लिथियम पुन्हा सुरू.

शॉक न बसलेल्या कुणाही लिथियमवाल्याला हे होऊ शकलं असतं. ते टाळता आलंच नसतं असं मात्र नाही म्हणता येत: उन्हाळ्याआधी पाणी, मीठ आणि वेदनाशामकं यांबद्दल त्याला सांगितलं होतं, पण मेडिकलवाल्याला दाखवायला कागद दिला नव्हता. आता लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला पाकिटात मावेल असं छोटं कार्ड देतो. 'मी लिथियम घेतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये. उलटी, जुलाब झाल्यास गोळी थांबवून फोन करावा.' मराठी, तेलुगू, कन्नड.

रजिस्टरमधली कोरी ओळ

एक हिशोबाचा प्रश्न राहतो. चैत्रातली ती भरती आमच्या मानसोपचाराच्या रजिस्टरमध्ये नाही, कारण ती मेडिसिनच्या वॉर्डात झाली. आमच्या नोंदीप्रमाणे हा माणूस आषाढानंतर पुन्हा भरती झालेलाच नाही. कुणी आमच्या रजिस्टरवरून अभ्यास केला तर हे प्रकरण 'यशस्वी' रकान्यात जाईल. उलटही होतं. सोलापूरचा रुग्ण परत आला नाही तर तो बरा आहे, की पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात गेला, की सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गीला, की हैदराबादच्या नातेवाइकांकडे, की या जगातच नाही, हे आमच्या वहीला कळत नाही. पहिल्या रुग्णालयाच्या वहीतही याची ओळ कोरीच असणार. त्यांच्या दृष्टीने तो एकदा येऊन बरा होऊन गेला.

म्हणून पुन्हा भरतीचा आकडा मी एकट्याने वापरत नाही. सिस्टरच्या शुक्रवारच्या वहीत दर आठवड्याला तीन खुणा असतात: कामावर गेला का, गोळ्या मोजल्या का, फोन कोणी उचलला. फोन मुलाने न उचलता रुग्णाने स्वतः उचलला, तर ती आठवड्यातली सगळ्यात चांगली खूण. ज्येष्ठापासून बहुतेक शुक्रवारी तोच उचलतो.

गेल्या महिन्यात त्याने कलम ५ प्रमाणे आपलं आगाऊ निर्देशपत्र लिहिलं. मराठी लिहायचा सराव नाही, मुलाने मजकूर उतरवला, सही त्याची. पुन्हा बोलणं बंद झालं तर ईसीटी द्यावी, थांबत बसू नये. निर्णय बायकोने घ्यावा, मेहुण्याने नाही. शेठला आजाराचं नाव सांगू नये, नुसतं 'तब्येत' म्हणावं. आईला ईसीटीच्या सकाळी वॉर्डात येऊ देऊ नये. मेहुण्याचं वाक्य वाचून मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यांचा राग नाही मॅडम. ते लई वेळ विचार करतात."

पत्र मंडळाकडे नोंदवायला दिलं आहे. लिथियमची पुढची पातळी फाल्गुनात, ऊन चढायच्या आधी, आणि त्याच दिवशी क्रिएटिनिन.